गंजलेली घरं

आईची पेटी दुरुस्त होऊन आली त्या दुपारी मी तिला डी डी ब्रिजवॉटर ही गायिका ऐकवत होते. पेटीवाल्यानं दोन सूर बदलले होते, भात्याचं चामडं नवीन घातलं होतं, आणि आई एकेक पट्टी दाबून कुठला सूर अजून कुरकुरतोय ते तपासत होती. माझा फोन शेजारी पाटावर सुरू. तिचं तिकडे लक्ष नाही असंच मी धरून चालले होते. पण ‘ला मेर’ हे फ्रेंच गाणं लागलं आणि तिचा भात्यावरचा हात थांबला. डोळे खिडकीकडे, हात तसाच अधांतरी. कडवंभर ऐकून तिनं विचारलं, “शब्द काय आहेत गं?” आईचा हा प्रश्न ठरलेला. ती भावगीतांवर वाढली. चाल कितीही गोड असली तरी शब्द कळल्याशिवाय गाणं आपलं झालं असं तिला वाटत नाही. मला तेव्हा फ्रेंचचं अक्षर येत नव्हतं, पण याच चालीचं ‘बियाँड द सी’ हे इंग्रजी गाणं कॉलेजपासून पाठ होतं. म्हणून मी बिनधास्त सांगून टाकलं, की समुद्रापलीकडे किनाऱ्यावर कुणीतरी उभी आहे, जहाजांकडे डोळे लावून वाट बघतेय, तो येणार आहे आणि मग दोघं कधीच एकमेकांना सोडून जाणार नाहीत. आईनं ऐकलं, आणखी थोडं गाणं ऐकलं, मग मान हलवली. “नाही. यात कुणी कुणाची वाट बघत नाहीये. सूर नुसता झुलतोय.” मी म्हटलं, “अगं, शब्दच तसे आहेत.” ती म्हणाली, “असतील,” आणि पुन्हा काळी चार दाबून बघायला लागली.

ते ‘असतील’ माझ्या मनात रुतून बसलं.

ते गाणं ‘झे द झामूर’ या २००५ सालच्या अल्बममधलं. डी डी ब्रिजवॉटर ही मेम्फिसमध्ये जन्मलेली, मिशिगनमधल्या फ्लिंटमध्ये वाढलेली अमेरिकन जॅझ गायिका. ऐंशीच्या दशकात ती पॅरिसला गेली आणि पुढे कित्येक वर्षं तिथलीच झाली. या अल्बममध्ये तिनं जुनी, सगळ्या फ्रान्सच्या ओठांवरची गाणी घेतली आहेत. त्रनेची, पियाफची, ब्रेलची, बेकोची, लेओ फेरेची. फ्रेंच गाणी गाणारे जॅझवाले तिच्याआधीही होते, नंतरही झाले. पियानिस्ट जॅकी टेरासननं तर ‘आ पारी’ नावाच्या अल्बममध्ये फ्रान्सचं राष्ट्रगीतच वाजवलंय, आणि त्याच्या कितीतरी आधी, १९४६ मध्ये, गिटारवादक जँगो राइनहार्ट आणि व्हायोलिनवादक ग्रापेली या जोडीनं लंडनमध्ये तेच केलं होतं. पण वाजवणाऱ्याची एक सोय असते. त्याला शब्दांशी झुंजावं लागत नाही. गाणारीला पर्याय नाही. तिच्यासमोर दोन भाषांचे शब्द हात बांधून उभे, कारण यातली बहुतेक गाणी कधीतरी अटलांटिक ओलांडून इंग्रजी होऊन बसलेली. डी डी त्यातल्या एकाच भाषेची बाजू घेत नाही. ती फ्रेंचमध्ये असते आणि बघता बघता इंग्रजीत शिरते, पुन्हा परतते. तिच्या फ्रेंचला एक अमेरिकन वळण आहे, ते ती झाकत नाही. मागे अकॉर्डियन चाललेला असतो, श्वास आत घेत, बाहेर सोडत. गिटार मोजकंच बोलते. सुरुवातीला मला हे भाषा बदलणं खटकायचं. कुठल्यातरी एका काठाला लागावं ना माणसानं, असं वाटायचं.

त्यानंतर दीड वर्षानं मी फ्रेंच शिकायला लागले. कामासाठी. आठवड्यातून तीन संध्याकाळी, वयानं निम्म्या मुलामुलींबरोबर बाकावर बसून. एका संध्याकाळी आमच्या बाईंनी ‘ला मेर’चे शब्द छापून आणले आणि एकेकाला एकेक ओळ वाचायला लावली. मी माझी ओळ येईपर्यंत पुढचं पान चाळत होते, त्या वाट बघणाऱ्या मुलीला शोधत. ती नव्हती. जहाज नव्हतं. किनाऱ्यावर कुणीही उभं नव्हतं. होता तो समुद्र, स्वच्छ खाड्यांच्या कडेनं नाचताना दिसणारा, पावसात रंग बदलणारा. पाण्याकाठी उंच ओले बोरू होते, पांढरे पक्षी होते, गंजलेली घरं होती. ‘मेंढरं’ असा शब्द आला तेव्हा वर्गात कुणीतरी हसलं, मग बाईंनी समजावलं की लाटांच्या माथ्यावर जे पांढरे फेसाचे तुरे उठतात त्यांना फ्रेंच माणूस मेंढरं म्हणतो; आणि इथे समुद्र त्या कळपाची राखण करणारी मेंढपाळीण आहे, निळी, अंत नसलेली. आणि मग ‘बेर्से’ हे क्रियापद आलं. अर्थ सांगायला बाईंना पटकन इंग्रजी शब्द सुचेना. त्यांनी पुस्तक खाली ठेवलं, दोन्ही हातांचा झोका केला आणि त्यात नसलेलं बाळ हलवलं. जोजवणं. समुद्रानं त्या सगळ्यांना किनाऱ्याकिनाऱ्यानं जोजवलं, आणि शेवटी गाणाऱ्याचं काळीज जन्मभरासाठी जोजवलं. गाणं एवढंच.

मला घाम फुटला होता. भर वर्गात.

शार्ल त्रनेनं हे गाणं १९४३ मध्ये आगगाडीत लिहिलं. दक्षिण फ्रान्समध्ये, माँपेलिए ते पेर्पिन्याँच्या रस्त्यावर, खिडकीतून दिसणारं बघत. त्या मार्गावर ‘तो’ नावाची एक मोठी खारी जलाशयपट्टी लागते. शब्दकोशात बघितलं तर तिला तळं म्हणतात, पण तळं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर कमळं येतात. हे तसलं नाही. वाळूच्या दांड्यामागे अडकून राहिलेलं समुद्राचंच पाणी ते, आणि त्यात कालवांची शेती होते. तेव्हा फ्रान्सवर जर्मनांचा ताबा होता, दक्षिणेतसुद्धा. अशा काळात एक माणूस गाडीत बसून बाहेर बघतो आणि त्याच्या गाण्यात युद्धाचा एक शब्द येत नाही, फक्त पाणी, बोरू, पक्षी, घरं येतात. मला त्यात पळ काढणं दिसत नाही. ज्या गोष्टी कुणाच्या ताब्यात जात नाहीत त्यांची तो नोंद करतोय असं वाटतं. पुढे अमेरिकेत जॅक लॉरेन्स नावाच्या गीतकारानं या चालीवर नवे इंग्रजी शब्द घातले आणि त्यात प्रेयसी आणून बसवली. समुद्राच्या गाण्याचं समुद्रापलीकडच्या माणसाचं गाणं झालं, आणि १९५९ मध्ये बॉबी डॅरिननं गायल्यावर जगभर पोचलं. माझ्यापर्यंत आलं ते हेच. मला त्या इंग्रजी गाण्याचा राग नाही. कॉलेजात असताना ते गुणगुणत मी किती संध्याकाळी नदीकाठानं घरी आलेय. पण चालीत जो झोका होता तो त्या शब्दांत नव्हता, आणि शब्द माहीत नसलेल्या आईला तो ऐकू आला होता. मला शब्द माहीत होते, म्हणून मला आला नव्हता.

मग मी अल्बममधलं एकेक गाणं घेऊन बसायला लागले. रात्री, स्वयंपाकघर आवरून झाल्यावर, वहीत एका बाजूला फ्रेंच, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. ‘ले फॉय मॉर्त’ म्हणजे जगाला ठाऊक असलेलं ‘ऑटम लीव्ह्ज’. फ्रेंच नावात पानं मेलेली आहेत. इंग्रजीत ती नुसती शरदातली झाली. मूळ कविता जाक प्रेव्हेरची, चाल बुडापेस्टहून बर्लिनमार्गे पॅरिसला आलेल्या जोझेफ कोस्माची. तिच्यात एक फावडं आहे. मेलेली पानं फावड्यानं गोळा होतात, आणि आठवणी, पश्चात्ताप हेही तसेच फावड्याफावड्यानं. किती साधी, घरगुती, मातीचा वास असलेली वस्तू. अंगण झाडणाऱ्या माणसाची. अमेरिकन गीतकार जॉनी मर्सरनं इंग्रजी केलं तेव्हा त्यानं ध्रुपदाचा भाग घेतला, फावडं असलेला आधीचा लांब भाग सुटला, आणि खिडकीबाहेर तरंगत जाणारी लाल-सोनेरी पानं आली. सुंदर आहेत ती. मर्सर मोठाच माणूस. पण फावडं गेलं ते गेलंच. त्रनेच्या ‘क रेस्त-तिल’चंही तसंच. प्रेमातलं काय उरलं, असं तो विचारतो आणि उत्तर म्हणून जुना फोटो, गावचा घंटामनोरा, वाऱ्यानं विस्कटलेले केस अशा वस्तू एकामागून एक काढून ठेवतो, जुनी ट्रंक उघडल्यासारख्या. इंग्रजीत त्याचं ‘आय विश यू लव्ह’ झालं. सोडून जाणाऱ्याला उदार मनानं दिलेल्या शुभेच्छा. ट्रंक रिकामी. वहीच्या डाव्या बाजूला वस्तू आणि उजव्या बाजूला भावना, असं पानापानांवर होत गेलं, आणि मी एखाद्या हिशेबनिसासारखी हरवलेल्या मालाची यादी करत राहिले.

त्या यादीनं मला बरेच दिवस कडवट केलं. अनुवाद हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे ते जरा जास्तच लागलं. मग एकदा आईच्या कपाटात संगीत नाटकाचं जुनं, पानं पिवळी पडलेलं पुस्तक सापडलं. पदाच्या डोक्यावर बारीक टायपात ‘चाल :’ असं लिहून पुढे मूळ गाण्याची ओळ दिलेली. कुठे लावणी, कुठे कीर्तनातलं पद, कुठे कानडी. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या काळापासूनची ही रीत. लहानपणी ती ओळ मी कधी वाचली नव्हती. ती गाण्याचा भाग वाटायचीच नाही. आता बघताना वाटलं, किती सरळ आहे हे. हा सूर मी अमक्याकडून घेतलाय, त्याच्यावर माझे शब्द घातलेत, तुम्हाला मूळ माहीत असेल तर दोन्ही एकदम ऐका. जोड लपवायची नाही, ती पदाच्या कपाळावर लावायची. डी डी गाताना एका भाषेतून दुसरीत जाते तेव्हा ती हेच करते असं मला त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं. ती मूळ परत मिळवून देतेय असं नाही, आणि इंग्रजी खोटं पाडतेय असंही नाही. शिवण दिसू देतेय. तेव्हापासून तिचं मध्येच भाषा बदलणं मला खटकेनासं झालं. उलट ती कुठे वळेल याची मी आतुरतेनं वाट बघायला लागले.

आणि वाहतूक एकाच बाजूनं होत नव्हती हेही तिच्यामुळेच कळलं. अल्बममध्ये ‘दाँसे स्यूर म्वा’ आहे. त्याची चाल नील हेफ्टी या अमेरिकन माणसाची, आणि फ्रेंच शब्द तुलूजच्या क्लोद नुगारोचे. म्हणजे इथे घेणारे फ्रेंच. नुगारोनं विषय पार बदलला. मूळ इंग्रजी गाणं बायकांच्या गप्पांबद्दल आहे, जरा वरून बघणारं. यानं मात्र नाचणाऱ्यांना आपल्या अंगावर नाचायला बोलावलं, जिवंतपणी आणि मेल्यावरही. इथे भाषा बदलून गाण्याची उंची वाढली असं मी बेधडक म्हणेन. ‘मोनॉम’ची गोष्ट याहून गुंतागुंतीची. १९२०च्या पॅरिसमध्ये मिस्तँगेतनं गाजवलेलं हे गाणं ‘माय मॅन’ होऊन न्यूयॉर्कला गेलं, फॅनी ब्राइसनं गायलं, पुढे बिली हॉलिडेचं झालं. डी डीनं ऐंशीच्या दशकात पॅरिसच्या रंगभूमीवर एक संगीत नाटक केलं, त्यात ती बिली हॉलिडे झाली होती. म्हणजे पॅरिसचं गाणं अमेरिकेत जाऊन एका काळ्या गायिकेच्या दुःखानं काळंनिळं होऊन परत पॅरिसला आलं. हा सगळा प्रवास मला थक्क करतो. पण गाणं ऐकवत नाही. मारणाऱ्या, पैसे काढून घेणाऱ्या पुरुषावर जीव टाकणारी बाई, दोन्ही भाषांत. डी डीचा आवाज त्यात खाली उतरतो, खरवडल्यासारखा होतो, आणि मी बहुतेक वेळा पुढचं गाणं लावते. आमच्या वाड्यात अशी एक काकू होती. तिचा दुपारचा आवाज मला त्या गाण्यात ऐकू येतो.

आईला यातलं बरंचसं मी ऐकवलं, पण ‘ला मेर’बद्दल मी तिला काही बोलले नाही. का, ते मला नीट सांगता येत नाही. चुकले होते हे कबूल करायला जड जात होतं असं नव्हे. शब्द मी सांगितले आणि ती गप्प बसली, तिनं स्वतःच्या कानावरचा विश्वास माझ्या शिक्षणापुढे बाजूला ठेवला, ते मला सलत होतं. आयुष्यभर तिनं असं किती वेळा केलं असेल. बँकेत, दवाखान्यात, माझ्या शाळेत. “असतील.” तिचा कान प्रत्येक वेळी बरोबर असतो असं मुळीच नाही. जिल्बेर बेकोचं ‘ए मँतनाँ’ तिला मूळ आवाजात ऐकवलं तेव्हा त्यातल्या ढोलाचा तो एकसारखा, चढत जाणारा ठेका ऐकून ती खुलून म्हणाली, “पालखी निघालीय जणू.” ते गाणं आहे टाकून दिलेल्या माणसाचं, आता पुढे करू काय असं विचारत रिकाम्या शहरात फिरणाऱ्याचं. मी सांगितल्यावर तिला वाईट वाटलं, आणि मग ती म्हणाली, पालखी पुढे गेल्यावरचा रस्ताही तसाच असतो. मला ते पटलं की नाही, ठाऊक नाही. पण दुसऱ्यांदा ऐकताना तो रस्ता दिसला खरा.

अल्बमचं नाव ज्या गाण्यावरून आहे ते जोझेफिन बेकरचं. १९३० सालचं, व्हँसाँ स्कोत्तोची चाल. सेंट लुइसची ही काळी मुलगी १९२५ मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, पॅरिसला नाचायला आली आणि राहिली. माझी दोन प्रेमं, माझा देश आणि पॅरिस, असं ती गायची. पुढे १९३७ मध्ये ती फ्रेंच नागरिक झाली, युद्धात तिनं फ्रान्ससाठी हेरगिरी केली, आणि १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नावाजलेल्या क्लबात तिच्या टेबलावर जेवण येईना तेव्हा पहिलं प्रेम म्हणजे काय चीज असते ते तिला पुन्हा बघावं लागलं. तरी १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या मोर्च्यात ती फ्रेंच गणवेश घालून बोलायला उभी राहिली. नंतरच्या वर्षांत ती गाण्यातला एक छोटा शब्द बदलून ‘माझा देश म्हणजेच पॅरिस’ असं गायची म्हणतात. डी डी त्याच वाटेनं साठ वर्षांनी आलेली. दोन प्रेमं या शब्दांवर तिचा आवाज हलका होतो, लाडिक होत नाही. मी हे गाणं ऐकते तेव्हा हटकून मला आईचं कोकणातलं हर्णै आठवतं. ती लग्न होऊन पुण्याला आली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली. पुण्यावर तिचा जीव आहे, तिच्या टेकडीवर, तिच्या भाजीवाल्यांवर, गणपतीच्या दिवसांवर. पण रस्त्यात कुणी सहज विचारलं, “तुम्ही कुठल्या?” तर ती आजही क्षणभर थांबते. माझ्या वडलांनी त्या क्षणाची आयुष्यभर दखल घेतली नाही. मीही घेतली ती डी डीचं ऐकल्यानंतर.

गेल्या महिन्यात एका संध्याकाळी पाऊस थांबला होता आणि आई पेटी घेऊन बसली होती. अकॉर्डियन म्हणजे गळ्यात घातलेली पेटी, असं ती म्हणते, आणि ते खरंच आहे. दोन्हींत हवा धातूच्या जिभांवरून जाते तेव्हा सूर उमटतो. तिला मी सांगितलं होतं की पेटीचं मूळही पॅरिसचंच, १८४०च्या दशकात तिथल्या एका वाद्यकारानं हार्मोनियमचं पेटंट घेतलं, आणि आपली हातानं भाता हलवायची पेटी नंतर कलकत्त्यात घडली. तेव्हापासून ती तिच्या पेटीकडे जरा वेगळ्या नजरेनं बघते, दूरच्या गावाहून आलेली सून कळावी तशी. त्या संध्याकाळी तिची बोटं काहीतरी शोधत होती. दोन सूर पुढे, एक मागे, मग जरा वर. मी ओळखलं. “आई, हे तर ‘ला मेर’.” “तेच ते,” ती म्हणाली. “त्या वाट बघणाऱ्या मुलीचं.”

मग मी सांगितलं. सगळं. की तिथे कुणी मुलगी नाही, मी चुकीच्या भाषेतले शब्द सांगितले, तूच बरोबर होतीस, त्यात झुलणं हा शब्दच आहे, आणि बाईंनी वर्गात हातांचा झोका करून दाखवला तो असा. मी करून दाखवला. माझा आवाज जरा चढला असावा, कारण ती म्हणाली, “अगं, एवढं काय त्यात,” आणि मग तिचा ठरलेला प्रश्न विचारला. “शब्द काय आहेत?” या वेळी मी वही आणली आणि सावकाश, एकेक वस्तू मराठीत ठेवत गेले. फेसाची मेंढरं. ओले उंच बोरू. खारं पाणी, ज्यात कालवं वाढतात, हे मी माझ्या पदरचं घातलं, कारण मला ते तिला सांगायचं होतं. पांढरे पक्षी. गंजलेली घरं.

“घरं गंजतात?” असं मीच वर्गात विचारलं होतं, आणि बाई म्हणाल्या होत्या, कवीची कल्पना.

आईचा भाता अर्धा उघडा होता. “गंजतात की,” ती म्हणाली. “खाऱ्या वाऱ्यानं. आमच्या माजघराची कडी दर दोन वर्षांनी बदलायला लागायची. खिळे भिंतीतून लाल ओघळायचे, पावसाळ्यात तर पार जमिनीपर्यंत. अण्णा चुना लावायचे, तरी वर यायचंच.” मग तिनं भाता दाबला आणि तो सूर जिथे सोडला होता तिथून पुन्हा उचलला.